‘मन कुन्तो मौला’: एका ओळीचा कौल सातशे वर्षं का गायला जातो?

शास्त्रीय गायन शिकणाऱ्या एका मुलीने विचारलं आहे: ‘मन कुन्तो मौला’ मी वेगवेगळ्या कव्वालांकडून ऐकलं. शब्द जेमतेम एक ओळ, तीही अरबी. पुढे ‘दारा दिल, तना नाना, यालाली’ असे तराण्यासारखे बोल. ना कथा, ना अंतरा. तरी सातशे वर्षं लोक हे ऐकतात, आणि ऐकताना रडतात. हे कशाच्या जोरावर? माझ्यासारखीने ते गावं का? गायचं तर कसं?

मी मराठवाड्यातला. बरीच वर्षं एका कव्वाल पार्टीत आवाजिया होतो, म्हणजे मोहरीच्या, मुख्य गायकाच्या, शेजारी बसून त्याची ओळ उचलणारा. पुढे हार्मोनियम धरली, आता शिकवतो. त्या बैठकीवरून जे पाहिलं त्यावरून माझं मत ठाम झालं आहे. या कौलाला, म्हणजे प्रेषितांच्या वचनावर बांधलेल्या चिजेला, मैफलीत एक ठरलेली जागा आहे, आणि ती जागाच प्रत्येक पिढीला तो शिकायला लावते. तो गोड आहे, लोकांना आवडतो, मोठमोठ्या गायकांनी गायला आहे, हे सगळं खरं; पण त्याचं आयुष्य त्या जागेवर उभं आहे. ती जागा कुठून आली आणि तिथे बसल्यावर हा कौल काय करतो, ते सांगतो.

आधी ओळ. हिजरी सन १०, म्हणजे इसवी सन ६३२. प्रेषित मुहम्मद आपली अखेरची हजयात्रा आटोपून मक्केहून मदिनेकडे परतत होते. वाटेत जुहफाजवळ गदीर-ए-खुम नावाच्या पाणवठ्यावर त्यांनी काफिला थांबवला, आपले चुलतभाऊ आणि जावई अली यांचा हात हातात घेतला आणि जमलेल्या लोकांना सांगितलं, ‘ज्याचा मी मौला, त्याचा हा अलीही मौला.’ त्या दिवशी जिल्हिज महिन्याची १८ तारीख होती. मौला म्हणजे स्वामी, आणि जिवलग, पाठीराखाही. कौलाच्या मुखड्यात हेच वाक्य आहे. शिया मुसलमान या प्रसंगाला प्रेषितांनंतरच्या नेतृत्वाची घोषणा मानतात आणि दरवर्षी ईद-ए-गदीर साजरी करतात. सुन्नी परंपरेत हा अलींवरच्या प्रेमाचा आणि त्यांच्या थोरवीचा जाहीर उच्चार आहे. तिरमिजींच्या मान्य हदीससंग्रहातही (हदीस म्हणजे प्रेषितांची वचनं आणि आठवणी) हे वचन आलेलं आहे. मतभेद आहे तो अर्थाचा. ओळ दोघांचीही आहे.

सूफींनी या ओळीकडे तिसऱ्या बाजूने पाहिलं, आणि कौलाचं मूळ तिथे आहे. चिश्ती सिलसिल्यातला (सूफींच्या चिश्ती गुरुपरंपरेतला) प्रत्येक शेख, म्हणजे गुरू, आपली गुरुपरंपरा मागे मागे नेतो: निजामुद्दीन औलिया, त्यांचे गुरू बाबा फरीद, त्यांचे गुरू कुतुबुद्दीन बख्तियार काकी, त्यांचे अजमेरचे ख्वाजा मुईनुद्दीन, आणि असं जात जात हसन बसरी, मग अली, मग प्रेषित. मुरीद, म्हणजे शिष्य, शेखच्या हातात हात देतो तेव्हा तो हात या साखळीतून गदीरच्या त्या हातापर्यंत पोचतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. म्हणून चिश्ती खानकाहमध्ये, म्हणजे मठात, हे वचन म्हणणं म्हणजे आपली वंशावळ म्हणणं. मैफलीला बसलेल्या प्रत्येकाचं तिच्यात कुठेतरी नाव लागलेलं असतं.

हे वचन स्वरात बांधलं अमीर खुसरोने, असं परंपरा मानते. खुसरो १२५३ साली जन्मला, दिल्लीच्या अनेक सुलतानांच्या दरबारी राहिला, फारसीचा थोर कवी झाला. पण जीव ठेवला तो निजामुद्दीन औलियांच्या चरणी. १३२५ साली औलिया वारले आणि काही महिन्यांतच खुसरोही गेला. दोघांच्या कबरी दिल्लीत एकाच आवारात आहेत. खुसरोचे फारसी दिवाण, म्हणजे काव्यसंग्रह, त्याच्या हयातीतच लेखी तयार झाले. संगीताची रचना मात्र तेव्हा कागदावर उतरवायची रीतच नव्हती. ती गळ्यातून गळ्यात गेली. दिल्लीच्या ‘कव्वाल बच्चे’ घराण्याचे लोक सांगतात की खुसरोने मियाँ सामत आणि त्यांच्या सोबतच्या मुलांना या चिजा शिकवल्या आणि आम्ही त्यांचे वारस. इतिहासकार इथे पुराव्याची अट घालतात, ते त्यांचं काम आहे. गाणाऱ्याला त्या घराण्याच्या आठवणीत एक गोष्ट पक्की मिळते: हा कौल कधीही कुणा एका गायकाची चीज नव्हता. तो जथ्याने शिकवला, जथ्याने गायला. गाणाऱ्यांना कव्वाल म्हणतात तेही यावरूनच. कौल गातो तो कव्वाल.

आता ती जागा. चिश्ती दर्ग्यातली महफिल-ए-समा (समा म्हणजे सूफींचं भक्तिसंगीत ऐकणं) कौलाने उघडते आणि ‘रंग’ने मिटते. आधी कौल, मग फारसी कलामं (काव्यं), नात (प्रेषितांची स्तुती), मनकबत (अली आणि संतांची स्तुती), हिंदवी चिजा, आणि अखेरीस खुसरोचाच मानलेला रंग, ज्याला सगळी मैफल उभी राहते. वारकरी भजनात ‘जय जय रामकृष्ण हरी’ झाल्याशिवाय रूपाच्या अभंगाला कुणी हात घालत नाही, तसं हे आहे. बुवा कितीही नामांकित असोत, त्यांना क्रम मोडता येत नाही. त्यामुळे ज्या पोराला कव्वाल व्हायचंय त्याला पहिली चीज हीच शिकावी लागते. उरुसात रात्रभर आठ-दहा पार्ट्या एकामागून एक गात असतील, तर पहिली पार्टी कोणाची आणि कौल कोण उघडणार यावरून मानपान चालतो. एखाद्या गाण्याची फॅशन येते आणि जाते. ज्याच्यावाचून मैफलच सुरू होत नाही, त्याला फॅशनशी देणंघेणं नसतं.

आत काय चालतं ते जवळून दाखवतो.

पार्टी दोन ओळींत बसते. पुढे मोहरी आणि आवाजिये, हार्मोनियम त्यांच्याच हाती. मागे कोरस आणि टाळी देणारे, आणि ढोलकवाला. समोर मीर-ए-महफिल, म्हणजे सज्जादानशीन (दर्ग्याच्या गादीचा वारस) किंवा त्या दिवशीचा ज्येष्ठ शेख. आधी हार्मोनियमवर नगमा, म्हणजे नुसती धून, वाजतो. तो ऐकून बाहेर वजू करणारे, चहा पिणारे आत येऊन बसतात. मग ठेका थांबतो आणि मोहरी मोकळ्या आलापीत रुबाई किंवा शेर म्हणतो. बहुतेक वेळा हाच:

शाह-ए-मर्दां, शेर-ए-यजदां, कुव्वत-ए-परवरदिगार
ला फता इल्ला अली, ला सैफ इल्ला जुल्फिकार

वीरांचा राजा, ईश्वराचा सिंह, पालनकर्त्याचं बळ. अलीसारखा वीर नाही, जुल्फिकारसारखी तलवार नाही. पहिली ओळ फारसी, दुसरी अरबी. इथे ताल नसतो, त्यामुळे गायकाला सगळा कल्याण मोकळेपणाने फिरता येतो. (जुन्या घराण्यांकडून मी ऐकलेला कौल कल्याण अंगाचाच असतो, कुणाचा शुद्ध कल्याणाकडे झुकलेला, कुणाचा यमनाकडे. संध्याकाळनंतरच्या बैठकीला हे अंग फार शोभतं.) शेर संपता संपता आवाज खाली येतो, एक श्वास, आणि मुखडा:

मन कुन्तो मौला, फ अली मौला

ढोलक याच्यावर पडते. आमच्या पार्टीत समेवर ‘मौ’ यायचा. म्हणून पाहा. ‘म’ला ओठ मिटलेले, ‘औ’ला गोल उघडतात, ‘ला’ला पूर्ण. आवाज आत साठतो आणि समेवर सुटतो. ‘अली’तला ‘ली’ वर चढायला सोयीचा, ‘मौला’तला ‘ला’ खाली उतरून विसावायला. ज्याने आयुष्यात कधी सूर लावला नाही तोही दुसऱ्या आवर्तनाला हे सोबत म्हणू लागतो. भाषा अरबी आहे याची अडचण मला कुठल्या दर्ग्यात दिसली नाही. ‘मौला’ कळतो, ‘अली’ कळतो. उरलेलं वडीलधाऱ्यांकडून अर्थासकट ऐकलेलं असतं.

मग तकरार. एकच ओळ पुन्हा पुन्हा, पण तीच ती नव्हे. आधी मोहरी पूर्ण ओळ म्हणतो, आवाजिया तीच किंचित वरून घेतो, कोरस ती जमिनीवर आणतो. काही आवर्तनांनी ओळ आखडायला लागते: नुसतं ‘अली मौला, अली मौला’, त्याहून पुढे नुसतं ‘मौला’. ठेका तोच असतो, पण शब्द कमी झाल्यामुळे टाळी अंगावर यायला लागते. या वेळी मोहरी डोळे मिटून गात नाही. तो समोरचे चेहरे वाचत असतो. कुणाची मान हलली, कुणाचा हात मांडीवरून उचलला गेला, कुणी उठून मीर-ए-महफिलच्या हाती नजराणा ठेवला, म्हणजे कोणत्या शब्दावर ठेवला, हे तो टिपतो. नजराणा थेट कव्वालाकडे येत नाही, शेखच्या हातून येतो. तो कुठल्या शब्दावर आला हे कळलं की तो शब्द सोडायचा नसतो.

का सोडायचा नाही, याची गोष्ट प्रत्येक कव्वालाला लहानपणी सांगतात. १२३५ साली दिल्लीत समाच्या मैफलीत अहमद-ए-जामच्या एका शेरावर ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकींना हाल, म्हणजे भावसमाधी, आला: शरणागतीच्या खंजिराने मारले गेले त्यांना दर घडीला अदृश्यातून नवा प्राण मिळतो, असा त्या शेराचा आशय. ते त्या हालातून बाहेर आलेच नाहीत. काही दिवस त्याच अवस्थेत राहून गेले. हाल आलेल्या माणसाला ज्या ओळीने नेलं त्याच ओळीने परत आणायचं, मध्ये चीज बदलायची नाही, हा नियम म्हणूनच आहे. आता विचार करा, हे ज्या गाण्यावर घडू शकतं ते गाणं किती लवचिक असायला हवं! लांब कथानकाच्या गाण्याला मध्येच अर्धा तास थांबवता येत नाही. हा कौल हव्या त्या शब्दावर हवा तितका वेळ उभा राहतो. तुम्हाला जी उणीव वाटली, कथा नाही, अंतरा नाही, तीच त्याची ताकद आहे.

अंतऱ्याच्या जागी त्याला गिरह आहे. गिरह म्हणजे मुखड्याच्या मध्ये दुसऱ्या कुठल्या कवीचा शेर आणून अशी गाठ मारायची की तो शेर मुखड्यावरच येऊन पुरा होईल. फारसी, उर्दू, ब्रज, पंजाबी, काहीही चालतं. सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही:

अली इमाम-ए-मनस्त ओ मनम गुलाम-ए-अली
हजार जान-ए-गिरामी फिदा-ए-नाम-ए-अली

अली माझा इमाम, मी अलीचा गुलाम. असे हजार मोलाचे प्राण अलीच्या नावावरून ओवाळून टाकावेत. चिश्ती दर्ग्यात गिरहा सिलसिल्याच्या असतात, ख्वाजा आणि बाबा फरीद यांची नावं गुंफलेल्या. शिया मजलिसीच्या आवारात गायचं असेल तर अलींनी गाजवलेल्या खैबरच्या लढाईच्या, गदीरच्या दिवसाच्या. मुखडा हलत नाही, भोवतालचे शेर बदलतात. त्यामुळे दोन्हीकडचे लोक तो आपलाच समजून ऐकतात आणि दोघांचंही बरोबर असतं. हे सौजन्य कव्वालांनी मुद्दाम जपलेलं आहे. गिरह निवडताना समोरच्याच्या श्रद्धेला ओरखडा येणार नाही हे पाहणं ही पार्टीतल्या वडीलधाऱ्यांची पहिली शिकवण असते.

तुम्ही ज्या बोलांबद्दल विचारलंत, ते मुखड्यानंतर येतात:

दारा दिल दारा दिल दर-ए-दानी
हम तुम तनाना नाना, तनाना नाना रे
यालाली यालाली याला, यालाली याला याला रे

तराणाही खुसरोच्याच नावावर सांगितला जातो. उस्ताद अमीर खाँसाहेबांनी तराण्याचा बराच अभ्यास केला होता. या बोलांत फारसी-अरबी शब्दांचे अर्थ दडलेले आहेत असं त्यांचं मत होतं, आणि ते स्वतः तराण्यात फारसी रुबाई घालत. तो विषय मोठा आहे, इथे सोडतो. गाण्याच्या दृष्टीने या बोलांचं काम वेगळं आहे. मुखड्यात शब्दाचा दाब असतो, प्रेषितांचं वचन आहे, हवं तसं तोडता-वाकवता येत नाही. बोलांत गळा मोकळा होतो. ढोलकवाल्याला लग्गी (ठेक्यातले जलद तुकडे) लावायला वाव मिळतो, आवाजियाला सरगम घ्यायला. ऐकणाऱ्याच्या मनात ‘मौला’ घुमत राहतो आणि वर नुसता नाद चालू असतो. मग परत मुखडा आला की तो पहिल्यापेक्षा जड होऊन येतो. जे कव्वाल बोलांचा भाग उरकून टाकतात त्यांचा कौल मला कोरडा वाटतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. इस्लाममध्ये सगळ्यांना समा मान्य नाही. वाद्यांसह भक्तिगीत गाणं अनेक उलेमांना, म्हणजे धर्मपंडितांना, तेव्हाही नापसंत होतं, आजही आहे. खुद्द निजामुद्दीन औलियांना गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात समाबद्दल जाब द्यावा लागला होता. औलियांच्या अटीही कडक होत्या: गाणारा प्रौढ पुरुष असावा, ऐकणाऱ्याचं चित्त ईश्वराकडे असावं, गायलं जाणारं अश्लील किंवा थिल्लर नसावं, आणि चंग-रबाबसारखी वाद्यं नसावीत. आजची पार्टी हार्मोनियम घेऊन बसते, जी १९व्या शतकात युरोपातून आली. म्हणजे चौथी अट कधीच मागे पडली. पहिल्या तिनांचा धाक मात्र चांगल्या कव्वालाच्या मनात अजून आहे आणि तो कौलाच्या वेळी सर्वांत जास्त जाणवतो. पुढे रात्री गझल होईल, फर्माइशी होतील, चिजा हलक्या होत जातील. कौलाच्या वेळी कुणी विनोद करत नाही, नोटा उधळत नाही, पान तोंडात ठेवत नाही.

आपल्याकडे ही परंपरा कशी आली, तेही ओघात सांगतो, कारण खुलताबाद माझ्या घराजवळचं. मुहम्मद तुघलकाने दिल्लीतल्या लोकांना दौलताबादेस हलवलं तेव्हा औलियांचे मुरीदही दख्खनेत आले. त्यांत शेख बुरहानुद्दीन गरीब होते. त्यांना समाचं इतकं वेड की त्यांच्या साथीदारांची समात डुलण्याची एक खास रीत पडली आणि तिला ‘बुरहानी’ म्हणू लागले. ते १३३७ साली वारले, कबर खुलताबादेस. खुसरोचा जिवलग मित्र अमीर हसन सिज्जी, ज्याने १३०८ ते १३२२ या काळातली औलियांची संभाषणं ‘फवाइद-उल-फुआद’मध्ये नोंदवून ठेवली, तोही तिथेच विसावला आहे. म्हणजे ज्यांनी खुसरोला औलियांसमोर बसलेलं पाहिलं, अशी माणसं वेरूळच्या लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर राहत होती. मराठवाड्यातला कव्वाल कौल उघडतो तेव्हा त्याला दिल्लीची उसनवारी वाटत नाही, त्यामागे हे आहे.

पुढे निजामाच्या राज्यात कव्वालांना आश्रय मिळाला. कव्वाल बच्चे घराण्याचे मुन्शी रजिउद्दीन हैदराबादेत गात असत. राज्य गेल्यावर ते पाकिस्तानात गेले आणि कराचीत स्थिरावले. २००३ साली ते वारले, त्यांचे पुत्र फरीद अयाज आणि अबू मुहम्मद यांनी गादी चालवली. इकडे निजामुद्दीनच्या आवारात दर गुरुवारी त्याच परंपरेतली घराणी गात राहिली. फाळणीत किती चिजा, किती पाठांतरं हरवली! हा कौल दोन्हीकडे तसाच राहिला, कारण दोन्हीकडच्या मैफली त्याच्याशिवाय उघडणार नव्हत्या.

मग ध्वनिमुद्रण आलं. ७८च्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं. कव्वालीचं सगळं मर्म तकरार आणि गिरहेत, त्यामुळे बऱ्याच चिजा तबकडीवर गुदमरल्या. कौलाचं अंग लहान असल्याने तो तिथेही मावला. कॅसेटच्या काळात नुसरत फतेह अली खाँ (१९४८–१९९७) यांनी तो जगभर नेला. त्यांचं सरगम, तानांचा वेग, कोरसवरची पकड, हे सगळं थक्क करणारं आहे आणि कव्वालीचं नाव ऐकलं नव्हतं अशा माणसांपर्यंत ‘अली मौला’ पोचलं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. पण माझी एक तक्रार आहे. त्यांच्यानंतर पुष्कळ तरुण पार्ट्यांनी फक्त वेग उचलला. कौल पहिल्या मिनिटापासून द्रुत. मुखडा बसायच्या आधी आरडाओरडा. नुसरत स्वतः आधी आलापीत बराच वेळ रेंगाळत, तिकडे यांचं लक्षच जात नाही. व्यासपीठावरच्या कार्यक्रमांत तर हल्ली कौल ‘धमाका’ म्हणून शेवटी ठेवतात. मला ते पाहवत नाही. उघडण्यासाठी बांधलेली चीज आहे ती. तिच्यात बसवून घेण्याचा, मनं गोळा करण्याचा गुण आहे, तो दोन तासांच्या गाण्यानंतर वाया जातो.

बरेच जण ‘दमादम मस्त कलंदर’ आणि हा कौल एकाच माळेत ओवतात, कारण दोन्हीकडे अलींचं नाव. ती सिंधमधल्या सेहवानच्या लाल शाहबाज कलंदरांच्या धमालीची, म्हणजे दर्ग्यातल्या नाचाची, चीज, तिची जागा, तिचा ठेका, तिचं लोकांशी नातं सगळंच निराळं. तिच्याबद्दल वेगळं लिहावं लागेल.

आता तुमच्यापुरतं.

आधी ऐका. मुन्शी रजिउद्दीन किंवा फरीद अयाज यांच्याकडचं मोठं, संथ गायलेलं ऐका, मग नुसरत. उलट क्रमाने ऐकलंत तर कान वेगाला सोकावतो आणि जुन्या गायकीत ‘काहीच होत नाही’ असं वाटायला लागतं. शक्य असेल तर एखाद्या उरुसात, दर्ग्याच्या आवारात, मागे बसून ऐका. तिथे तुम्हाला कव्वाल आणि ऐकणारे यांच्यामधली देवाणघेवाण दिसेल. ती मुद्रणात येत नाही.

उच्चार कव्वालांचेच ठेवा. शुद्ध अरबीत मूळ वाक्य ‘मन कुन्तु मौलाहु फ हाजा अलीयुन मौलाहु’ असं आहे. कव्वाल परंपरेने ‘कुन्तो’ म्हणतात, ‘हु’ गाळतात, ओळ गाण्याच्या वजनात बसवतात. काही विद्यार्थी हौसेने ते ‘दुरुस्त’ करून गातात आणि मुखड्याचा तोल जातो. मराठी गळ्याची खरी अडचण दुसरीच आहे. आपण ‘मौला’तला ‘औ’ म्हणताना ‘अ’ आणि ‘उ’ वेगळे पाडतो, ‘मउला’ होतं. तो एकाच श्वासात, गोल, लांबवून लावा. ‘अली’तला ‘अ’ घशातून हलका दाबून यायला हवा. उर्दू जाणणाऱ्या कुणाकडून तेवढा एक शब्द समोर बसून घ्या.

शास्त्रीय शिकणाऱ्याला मोह होतो तो राग मांडायचा. थोडा आलाप ठीक, पण बढत करत बसू नका. ख्यालात शब्द रागासाठी वाकतो, इथे राग शब्दाच्या सेवेला आहे. तुमची उपज मुखड्याच्या आत ठेवा: एकच ‘मौला’ षड्जावर, मग गंधारावर, मग पंचमावर ठेवून पाहा. प्रत्येक वेळी विनवणी निराळी होते. तान घ्यायची तर बोलांच्या भागात. आणि एकट्याने गाऊ नका. निदान दोघी-तिघी मैत्रिणी मागे उचलायला आणि टाळीला घ्या. ज्या चिजेत ओळ उचलायला कुणी नाही तिथे तकरार होत नाही, नुसती पुनरुक्ती होते.

बाईने गावं का? दर्ग्यातल्या समाच्या मैफलीत परंपरेने पुरुषच गातात, आणि तिथल्या खादिमांना (सेवेकऱ्यांना), सज्जादानशीनांना विचारल्याशिवाय तिथे गाऊ नये. व्यासपीठावर आबिदा परवीन यांनी अलींच्या स्तुतीची कलामं अशा काही ताकदीने गायली आहेत की हा प्रश्न आता कुणी फारसा काढत नाही. त्यांचं गाणं कव्वालीच्या ठेक्याला बांधलेलं नसतं, सिंधमधल्या काफी या सूफी गीतप्रकाराच्या मोकळ्या ढंगाचं असतं. एकटीच्या गळ्याला तो ढंग जास्त मानवतो, म्हणून तेही ऐकून ठेवा.

पट्टी आपली आपण निवडा. पुरुष कव्वालांच्या चढ्या पट्टीची नक्कल केली तर ‘अली’ किंचाळीत जातो. मुखडा ठायीत इतका घोटा की ढोलक नसतानाही सम चुकणार नाही. मग वर दिलेली ‘अली इमाम-ए-मनस्त’ ही गिरह घ्या. ती ठेका धरल्याशिवाय, मोकळी म्हणता येते, आणि तिच्या दोन्ही ओळी ‘अली’वरच संपतात, त्यामुळे तिथून थेट मुखड्यावर उतरणं नवख्यालाही जमतं. दुसरी गिरह ती बसल्यावरच.